जीवशास्त्राचे पहिले वर्ष आणि घराभोवतीचे कोकण

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत टेबलावर मांडलेल्या नमुन्यांमध्ये काजूचा एक नमुना होता. पिवळा बोंडू आणि त्याच्या टोकाला चिकटलेली काजूबी, दोन्ही एकत्र. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरामागच्या वरकस जमिनीत काजूची झाडे असल्यामुळे हा प्रश्न आपल्याला हमखास येणारच, असे मला वाटले आणि मी निःशंकपणे लिहिले, की बोंडू हे फळ आणि टोकाची ती बी. दोन्ही उत्तरे चुकली. टरफलासकट जिला आपण काजूबी म्हणतो तेच वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळ, तिच्या आतला गर ही बी आणि बोंडू म्हणजे फुलाचा देठ व पुष्पासन फुगून तयार झालेला मांसल भाग होय.

ती चूक मला अनेक दिवस सलत राहिली, कारण योग्य उत्तर मी दर उन्हाळ्यात प्रत्यक्ष पाहत आले होते. काजूचा मोहोर झडल्यावर झाडावर आधी हिरवी बी पूर्ण आकाराची होते आणि त्या वेळी तिच्यामागचा देठ केवळ बोटाच्या पेराएवढा असतो. बोंडू फुगतो, रंगतो आणि रसाळ होतो तो शेवटच्या काही दिवसांत. फुलातल्या अंडाशयाची वाढ होऊन जे बनते ते फळ, ही व्याख्या मला तोंडपाठ होती, परंतु ती व्याख्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे मी कधी स्वतःला विचारलेच नव्हते. आपण घरात ‘फळ’ म्हणतो तेव्हा गोड आणि खाण्याजोगा भाग कोणता, हा प्रश्न मनात असतो. वनस्पतिशास्त्र मात्र तो भाग फुलाच्या कोणत्या अवयवापासून झाला हे विचारते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण उत्तरपत्रिकेत त्यांची गल्लत झाली की गुण जातात. गेली अनेक वर्षे मी अकरावीच्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवते आणि प्रत्येक नव्या तुकडीला हेच सांगते, की संकल्पना पाठ करण्यापूर्वी तिच्यामागचा प्रश्न शोधा. फणसालाही हाच प्रश्न लावून पाहावा. अख्खा फणस हा शेकडो फुलांच्या पुष्पगुच्छापासून बनलेला असतो, एकेक गरा हा एकेका फुलाचा फुगलेला भाग असतो आणि गऱ्यांच्या मधले चपटे धागे ही फलन न झालेली फुले असतात.

एकदलिकित आणि द्विदलिकित वनस्पतींमधला फरक पुस्तकात बहुधा तक्त्याच्या रूपात दिलेला असतो. बीजपत्रे एक की दोन, शिरा समांतर की जाळीदार, मुळे तंतुमय की सोटमुळे, हे सारे विद्यार्थी पाठ करतात आणि आठवड्याभरात विसरतात. त्याऐवजी परसातला एकदलिकित माड आणि द्विदलिकित आंबा शेजारी शेजारी पाहावेत. माडावर चढण्यासाठी पाडेली खोडाला ज्या खाचा पाडतात, त्या वर्षानुवर्षे तशाच उघड्या राहतात. आंब्याच्या खोडावर कोयतीचा घाव बसला तर काही काळाने कडेची साल पुढे सरकून तो हळूहळू बुजू लागतो. याचे कारण असे, की आंब्याच्या खोडात साल आणि लाकूड यांच्यामध्ये कॅम्बियम नावाचा सतत विभागत राहणाऱ्या पेशींचा थर असतो आणि माडाच्या खोडात तो नसतो. या एका कारणातून किती तरी गोष्टी उलगडतात. हापूसचे कलम बांधता येते, कारण खुंटाचा आणि त्याच्यावर जोडलेल्या डोळकाडीचा कॅम्बियम एकमेकांना भिडून एकजीव होतो. माडाचे असे कलम बांधता येत नाही, म्हणून माडाची लागवड नारळ रुजवूनच करावी लागते. आंब्याचे खोड दरवर्षी जाड होत जाते, तर माडाची जाडी सुरुवातीलाच ठरून जाते आणि पुढे तो केवळ उंच होतो. पाडेल्याने पाडलेली खाच मात्र जमिनीपासून होती त्याच उंचीवर राहते, कारण उंचीची वाढ शेंड्याशी असलेल्या एकमेव वाढबिंदूपाशी होत असते. गेंड्या भुंग्याने तो बिंदूच पोखरला तर संपूर्ण माड मरतो, हे बागायतदाराला पुस्तक न वाचताही ठाऊक असते.

माडाचा विषय निघालाच आहे तर द्विफलनाबद्दलही सांगायला हवे, कारण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड वाटणारी हीच संकल्पना आहे. सपुष्प वनस्पतींमध्ये परागनलिकेतून दोन पुंयुग्मके, म्हणजे नर जननपेशी, येतात. त्यांपैकी एक अंडपेशीशी संयोग पावते आणि त्यातून भ्रूण तयार होतो, तर दुसरे दोन ध्रुवीय केंद्रकांशी संयोग पावते आणि त्यातून भ्रूणाचे अन्न असलेला भ्रूणपोष तयार होतो. सर्गेई नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये हे प्रथम दाखवून दिले. भ्रूणपोषात गुणसूत्रांचे तीन संच असतात, हे वाक्य वाचताना डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. म्हणून मी वर्गात शहाळे घेऊन जाते. शहाळ्याचे पाणी हा भ्रूणपोषच असून त्यात मोकळी केंद्रके तरंगत असतात, आणि पुढे कडेने पेशीभित्तिका तयार होऊ लागल्या की तिथे मलई धरते व तिचेच घट्ट खोबरे होते. माडाच्या पेशीत दोन संच मिळून ३२ गुणसूत्रे असतात आणि खोबऱ्याच्या पेशीत तीन संच मिळून ४८. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी जो मऊ असतो त्याच्या आत बोटाच्या पेराहूनही लहान असा भ्रूण असतो. रुजलेला नारळ फोडल्यावर आत जो पांढरा, स्पंजासारखा, गोडसर गोळा मिळतो आणि जो लहान मुले आवडीने खातात, तो त्या भ्रूणाच्या बीजपत्राचा शोषक भाग असतो आणि खोबऱ्यातले अन्न शोषून कोंबाला पुरवणे हे त्याचे काम असते. भ्रूण, भ्रूणपोष आणि बीजपत्र हे तिन्ही शब्द एकाच नारळात दाखवता आल्यावर माझ्या वर्गात ते पुन्हा समजावून सांगण्याची वेळ सहसा येत नाही.

परासरण, म्हणजे पेशीच्या पटलातून पाण्याची होणारी ये-जा, समजण्यासाठी स्वयंपाकघर पुरेसे आहे. मीठ लावून बरणीत भरलेल्या कैरीच्या फोडी दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच पाण्यात बुडालेल्या असतात आणि आक्रसलेल्या दिसतात, कारण पेशीबाहेरचे मिठाचे प्रमाण जास्त झाल्यामुळे निवडक्षम पारपटलातून पाणी बाहेर येते. इथपर्यंत बहुतेकांना समजते. यापुढे मी विद्यार्थ्यांना खाडीकाठच्या कांदळवनापाशी उभे करते आणि विचारते, की मिठामुळे कैरीचे पाणी बाहेर येते तर ज्या तिवराची मुळे दररोज भरतीच्या खाऱ्या पाण्यात उभी असतात तो वाळून कसा जात नाही? या प्रश्नावर वर्ग बराच वेळ शांत राहतो आणि ती शांतता मला फार मोलाची वाटते. उत्तर असे आहे, की या झाडांच्या पेशींमध्ये विद्राव्य पदार्थांचे प्रमाण इतके वाढलेले असते, की समुद्राच्या पाण्यातूनही पाणी आत ओढले जाते. त्याशिवाय कांदळाची मुळे बरेचसे मीठ बाहेरच अडवतात आणि तिवर आत आलेले जादा मीठ पानांवरच्या क्षारग्रंथींतून बाहेर टाकतो. तिवराचे पान जिभेला लावून पाहिले तर ते खारट लागते, आणि कोरड्या दिवशी त्याच्यावर मिठाचे बारीक कणही दिसतात. नियम तोच असतो. परिस्थिती वेगळी असल्यामुळे सजीवाने केलेली व्यवस्था वेगळी असते.

त्याच कांदळवनात श्वसनाबद्दलचा एक जुना गैरसमजही दूर होतो. वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात, असे पदवीच्या वर्गात आलेले विद्यार्थीसुद्धा लिहितात. या चुकीत भाषेचाही थोडा वाटा आहे, कारण बोलताना आपण हवा आत-बाहेर घेण्याला आणि पेशीत अन्नापासून ऊर्जा मोकळी होण्याला ‘श्वसन’ हा एकच शब्द वापरतो. पहिल्या क्रियेला श्वासोच्छ्वास म्हणावे आणि दुसऱ्या क्रियेसाठीच श्वसन हा शब्द राखावा, म्हणजे घोटाळा टळतो. श्वसन ही प्रत्येक जिवंत पेशीत दिवसरात्र चालणारी क्रिया आहे, आणि ज्या मुळांवर प्रकाशाचा किरणही पडत नाही त्यांनाही तिच्यासाठी ऑक्सिजन लागतो. खाडीच्या चिखलात तो जवळजवळ नसतो, म्हणूनच तिवराच्या भोवती पेन्सिलीसारखी शेकडो श्वसनमुळे चिखलातून वर डोके काढून उभी असतात.

प्राणिशास्त्राचा पहिला धडा मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर शिकले असे म्हटले तर ते अक्षरशः खरे आहे. पहाटे होड्या लागल्यावर एकाच टोपलीत बांगडे, बोंबील, मुशी (लहान शार्क), कोळंबी, माकूल (स्क्विड) आणि एखादी कुर्ली (खेकडा) येते आणि विकणाऱ्या मावशींच्या लेखी ती सगळीच मासळी असते, कारण त्यांच्यासमोरचा प्रश्न विक्रीचा असतो. प्राणिशास्त्र विचारते, की शरीराची मूळ रचना कोणती आणि कोणाचे पूर्वज समान असावेत. त्या प्रश्नाने टोपली वेचायला घेतली की कोळंबी आणि कुर्ली सांध्यांच्या पायांमुळे व बाहेरच्या कठीण कवचामुळे संधिपाद संघात जातात, आणि माकुलाला बाहेर शिंपला नसूनही तो तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवे यांच्यासोबत मृदुकाय संघात जातो, कारण त्यांच्यासारखेच त्याच्या शरीराभोवती प्रावाराचे आवरण असते आणि शिंपल्याचा अवशेष म्हणून आत एक पारदर्शक पातळ पट्टी उरलेली असते. ताजी माकूल साफ करताना ती पट्टी ओढून काढून फेकून देतात. मी ती धुऊन वहीत ठेवली होती.

मुशी आणि बांगडा हे दोन्ही मासेच आहेत, पण बांगड्याच्या कल्ल्यांवर झाकण असते आणि मुशीच्या मानेजवळ उघड्या कल्लाविदरांच्या पाच फटी दिसतात. मुशीची कातडी शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवल्यास खरखरीत लागते आणि तिचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा, म्हणजेच कास्थीचा असतो. पाठ्यपुस्तकात ज्याला स्कोलिओडॉन म्हणतात ती आपल्याच बाजारातली मुशी, हे मला दुसऱ्या सत्रापर्यंत कळले नव्हते. बोंबील मऊ असल्यामुळे त्याला कास्थिमत्स्यांत टाकण्याची चूक दर वर्षी कोणी ना कोणी करतो. बोंबलाचा सांगाडा नाजूक असला तरी तो अस्थिमत्स्यच आहे. मुशी पिल्लांना जन्म देते म्हणून ती सस्तन प्राण्यांत जात नाही, आणि वेळासच्या किनाऱ्यावर वाळूत अंडी घालणारे ऑलिव्ह रिडले कासव समुद्रात राहते म्हणून ते मासा ठरत नाही. ते फुप्फुसाने श्वासोच्छ्वास करणारा सरीसृप आहे. राहण्याचे ठिकाण आणि जन्माची रीत यांवरून वर्ग ठरवण्याचा मोह आवरला, की वर्गीकरणातल्या निम्म्याहून अधिक चुका आपोआप कमी होतात.

धक्क्याच्या खांबांवर आणि होड्यांच्या तळाला चिकटणाऱ्या बार्नेकलबद्दल मात्र कोणी चुकले तर मी रागावत नाही. चुनखडीचे कवच पाहून फ्रान्सचे थोर प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए यांनीही त्यांना मृदुकायांतच घातले होते. १८३० मध्ये व्हॉन थॉम्पसन यांनी त्यांच्या पोहणाऱ्या अळ्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले, त्या कवचधारी संधिपादांसारख्या निघाल्या आणि बार्नेकलची जागा कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यात निश्चित झाली. पुढे डार्विन यांनी जवळजवळ आठ वर्षे याच प्राण्यांचा अभ्यास केला. प्रौढ रूप फसवते तेव्हा बाल्यावस्था पाहावी, ही पद्धत मी या एका उदाहरणावरून शिकले.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी संज्ञांची भीती वाटते. मलाही ती वाटत होती. परंतु आपल्या मराठी संज्ञा बहुतेक वेळा मूळ ग्रीक किंवा लॅटिन शब्दांचा नेमका अर्थच सांगतात. ‘आर्थ्रोपोडा’मध्ये आर्थ्रो म्हणजे सांधा आणि पोडा म्हणजे पाय, म्हणून संधिपाद, ‘एकायनोडर्माटा’ म्हणजे काट्यांची कातडी, म्हणून कंटकचर्मी. वहीचे पान उभे दुभागून एका बाजूला परीक्षेत लिहायची संज्ञा आणि दुसऱ्या बाजूला मराठी संज्ञा व गावातले नाव लिहावे. सुरुवातीला हे काम वेळखाऊ वाटते. माझी अशी वही भरायला पहिले सत्र संपूर्ण लागले, पण त्यानंतर शब्दकोश उघडण्याची गरज क्वचितच पडली.

आकृत्या पुस्तकातून उतरवू नयेत, समोरच्या नमुन्यावरून काढाव्यात. सूक्ष्मदर्शकाखाली नेहमी कमी वर्धनाच्या भिंगाने सुरुवात करावी आणि ठळक काळ्या कडेचा वाटोळा आकार दिसला तर तो पेशी नसून हवेचा बुडबुडा आहे, हे लक्षात ठेवावे.

अभ्यासाचे वेळापत्रक कोकणच्या ऋतूंशी जुळवता आले तर उत्तम. पावसाच्या सुरुवातीला डबक्यांत बेडकांची अंडी आणि पुढे त्यांची रूपांतरे पाहता येतात. श्रावण-भाद्रपदात कातळसड्यावर दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती फुललेल्या असतात, आणि कीटक पकडूनही त्यांची पाने हिरवी का, हा प्रश्न तिथेच उभे राहून सोडवावा. त्या वनस्पती आपले अन्न स्वतःच तयार करतात; कीटकांपासून त्यांना नायट्रोजनसारखी मूलद्रव्ये हवी असतात, जी त्या कातळावरच्या पातळ मातीत फार थोडी असतात. कासवांच्या पिल्लांसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला जावे. खडकाळ किनारा पाहायचा असेल तर अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास जावे, कारण उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खूप आतपर्यंत जाते आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. गावातल्या कोणा जाणत्या माणसाला पाणी फिरण्याची वेळ विचारून घ्यावी, एकट्याने जाऊ नये, आणि पाहण्यासाठी उलटवलेला प्रत्येक दगड होता तसाच परत ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात फार वेळ तग धरत नाहीत.