राक्षसी भोपळा: कोणतं फूल धरायचं आणि कधी

बी रुजवणं, खड्डा, खत, पाणी यांवर इथे काही सांगत नाही; ते तुम्ही केलंय असं धरतो. वेल दोन-तीन मीटर धावलाय, पानं परातीएवढी झालीत, नर फुलं रोज सकाळी उमलतायत आणि आज शेंड्याजवळ लिंबाहून लहान, हिरवट-पिवळी गोळी घेतलेली पहिली मादी कळी दिसली. आता खरा प्रश्न येतो: ही धरायची की सोडायची?

बहुतेकदा सोडायची.

आधी तारखेचा हिशेब करू. फळ वजनकाट्यावर कधी चढणार तो दिवस घ्या आणि तिथून साधारण ९० दिवस मागे या. त्याच्या आठवडाभर इकडे-तिकडे परागीभवन झालं पाहिजे. उत्तर गोलार्धात वजनाच्या स्पर्धा बहुधा ऑक्टोबरच्या सुरुवातीला असतात, म्हणून तिथले जाणते लोक जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा दुसरा आठवडा एवढीच खिडकी धरतात. "जितकं लवकर, तितकं मोठं" हा सल्ला मला आजवर बहुतेक अशांनीच दिलाय ज्यांनी एकही मोठं फळ काढलेलं नाही. भोपळा रोज सारखा वाढत नाही. परागीभवनानंतर पहिले दोन आठवडे तो रेंगाळतो, मग साधारण विसाव्यापासून चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत फुगत सुटतो. जोमाच्या वेलावर दिवसाला १५-२० किलोही चढतात. साठ-सत्तर दिवसांनंतर वेग उतरतो. तेव्हा प्रश्न एवढाच असतो, की ते तुफानी तीन आठवडे येतील तेव्हा वेलावर पानं किती असतील?

हे मी नुकसान सोसून शिकलो. पहिल्या वर्षी बुंध्यापासून जेमतेम दीड मीटरवर फळ धरलं. रोज हात फिरवायचो त्यावरून. फळ धरल्यावर वेल आपली ताकद तिकडे वळवतो आणि शेंडा मंदावतो. माझा तर जवळपास थांबलाच. पन्नासाव्या दिवशी फळाने हात टेकले, आणि त्यानंतर मी ओतलेलं पाणी नुसतं मातीत गेलं. चुलीवर पातेलं चढवायच्या आधी सरपण गोळा करतात, तसाच हा प्रकार आहे. मुख्य वेलावर बुंध्यापासून ३ ते ४.५ मीटरच्या पट्ट्यात जे मादी फूल येईल ते आपलं. त्याआधीची खुडून टाका. हळहळ वाटेल, तरी खुडा. फार पुढे, सहा-सात मीटरवर धरलं तर पानं भरपूर मिळतात, पण दिवस हातून गेलेले असतात आणि उतरत्या हंगामात रात्री गार पडू लागतात. फळ बाजूच्या फांदीवर धरू नका, मुख्य वेलावरच धरा.

आता ज्या गोष्टीने मला दोन वर्षं रडवलं ती सांगतो: देठाचा कोन. फळाचा देठ वेलातून सरळ बाहेर येत नाही. तो शेंड्याच्या बाजूला झुकलेला, वेलाशी चिकटून निघतो. फळ नारळाएवढं असताना त्याचं काहीच वाटत नाही. पण त्याचे खांदे फुगले की ते वेलाला ढकलतात, देठ ताणला जातो आणि एके दिवशी चिरतो. माझ्या एका चांगल्या फळाचा देठ असाच पस्तिसाव्या दिवशी गेला. सकाळी पाहिलं तर भेगेत बोटाचं पेर मावत होतं.

उपाय सोपा आहे, पण तो फळ लहान असतानाच करावा लागतो. वेलाला हळूहळू असं वळण द्यायचं की फळ वळणाच्या बाहेरच्या अंगाला येईल आणि देठ वेलाशी काटकोनाच्या जवळ जाईल. एका दिवसात नाही. रोज दोन-चार बोटं, आठवडाभर. आणि हे काम दुपारी ऊन खाऊन वेल मऊ पडला की करा. सकाळी वेल पाण्याने टच्च भरलेला असतो, काकडीसारखा कट्‌कन मोडतो. फळाच्या दोन्ही बाजूंच्या दोन-तीन पेरांखाली जमिनीत गेलेली मुळंही सोडवा, म्हणजे फळ वर चढेल तसा वेल उचलला जाईल. कळीच्या कुक्षीला, म्हणजे मादी फुलाच्या मध्यभागी पराग घेणाऱ्या भागाला, चार-पाच पाळ्या असतील तर फळ मोठं होतं असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि दोन कळ्या सारख्याच जागी असतील तर मीही पाळ्या मोजतो. पण वाईट जागेवरच्या पाच पाळ्यांपेक्षा चांगल्या जागेवरच्या तीन मला कधीही चालतील.

प्रत्यक्ष परागीभवन त्यामानाने पोरखेळ आहे. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी टोकाशी पिवळी-केशरी दिसते; ती आणि तीन-चार नर कळ्या जाळीच्या पिशवीत बांधून ठेवा. पहाटे उमलल्या उमलल्या नर फुलं खुडा, पाकळ्या काढा, परागाचा दांडा कुक्षीच्या प्रत्येक पाळीवर अलगद फिरवा, फूल पुन्हा झाका, तारखेची चिठ्ठी लावा. दहा वाजता चहा पिऊन निवांत येणाऱ्यांना मिटलेलं फूल भेटतं. पराग ओला होऊ देऊ नका. "मधमाश्या करतील की" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा, की मधमाशी कुठला पराग आणेल आणि किती, ते ती आपल्याला विचारत नाही.

उन्हाचं मात्र हलक्यात घेऊ नका. पारा ३२ अंशांच्या वर जाणार असेल तर धरलेलं फळ गळायची भीती असते. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दुपारी फुलावर सावली करा; बर्फाच्या बाटल्या शेजारी ठेवल्या तरी चालतं, फळाला टेकवू मात्र नका.

आठवडाभरात कळतं. धरलेलं फळ चकचकीत राहून फुगतं. न धरलेलं निस्तेज होऊन पिवळं पडतं. म्हणूनच एका फुलावर भिस्त न ठेवता त्याच पट्ट्यातली दोन-तीन धरावीत आणि रोज संध्याकाळी एकाच वेळी दोरीने घेर मोजून लिहून ठेवावा. आज कोण मोठं ते पाहू नका; कालच्यापेक्षा आज कोण जास्त वाढलं ते पाहा. वाढ सारखीच असेल तर देठ ज्याचा सरळ आणि जागा ज्याची मोकळी, ते ठेवा. हॉवर्ड डिल यांनी कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात तयार केलेल्या ‘अटलांटिक जायंट’ जातीचं बी आज मोठ्या भोपळ्यांच्या मुळाशी आहे. २०२३ मध्ये एका फळाने १२४६ किलोंचा काटा गाठला. असं वजन वेल एकाच फळासाठी राबला तरच येतं.

पंधरा ते वीस दिवसांत निकाल लावा. दुसरं फळ राखीव म्हणून महिनाभर ठेवणारे दोन मध्यम भोपळे काढतात. कापायचं ते कोरड्या दुपारी, धारदार सुरीने, देठाचा दोन बोटं तुकडा वेलावर सोडून कापा. आणि जे ठेवलंत त्याच्यावर त्याच दिवशी कापडाची सावली करा; साल उन्हाने लवकर कडक झाली की फुगताना तडकते.