कर्नलमधली गळती: सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

मेमरी लीक, म्हणजे घेतलेली मेमरी परत न करणं, म्हटलं की मी पूर्वी म्हणायचो, "लीकच ना, मशीन रीबूट करा." साध्या प्रोग्रामची गळती प्रोसेस मेली की आपोआप आवरली जाते. कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, मात्र असा वाली नसतो, हे कळायला मला सीव्हीई-२०१६-०७२८ (सुरक्षेतल्या चुकांच्या सार्वजनिक यादीतली एक नोंद) वाचावी लागली. तीन रात्री गेल्या, पण सुरुवातीला वाचायला याहून चांगली केस मला माहीत नाही.

लिनक्समध्ये प्रोसेसच्या किल्ल्या (पासवर्ड, एन्क्रिप्शनच्या की वगैरे) ठेवायला कीरिंग असतं. प्रोसेसने आपलंच चालू कीरिंग नावाने पुन्हा मागितलं, की कोड आधी त्याचा रेफरन्स काउंट (ते किती ठिकाणांहून वापरात आहे याची मोजणी) एकने वाढवायचा, मग "अरे, हे तर तेच" म्हणून थेट एररच्या लेबलवर उडी मारायचा. वाढवलेला एक कमी करायचा राहूनच जायचा. काउंटर ३२ बिटांचा. तोच कॉल जवळजवळ ४२९ कोटी वेळा केला की तो फिरून शून्यावर. आता कोणी वापरत नाही असं समजून कर्नल ती मेमरी मोकळी करतो, प्रोसेसकडे पॉइंटर (त्या मेमरीचा पत्ता) तसाच राहतो, आणि तिथून रूटपर्यंतची, म्हणजे मशीनवरच्या सगळ्या अधिकारांपर्यंतची वाट. ही चूक ३.८ आवृत्तीपासून होती. दुरुस्ती? की_पुटची, म्हणजे काउंट एकने कमी करणारी, एक ओळ.

मी जुना कर्नल क्यूइमू या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवला, लूप लावला आणि प्रॉक-कीज या कर्नलच्या फाइलमधला तो काउंटचा आकडा वाढताना बघत बसलो. हे एकदा तरी करा, पण व्हर्च्युअल मशीनमध्येच.

केमेमलीक हे कर्नलमधलं गळती शोधणारं साधनही शिका. तो मेमरी चाळून ज्या ब्लॉककडे एकही पॉइंटर जात नाही तो दाखवतो. मी सरावाला मुद्दाम गळका मॉड्यूल लिहिला आणि स्कॅनमध्ये काहीच येईना! अर्धा दिवस डोकं खाजवलं. पॉइंटर मीच ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवला होता. केमेमलीकच्या लेखी ती गळती नव्हतीच. वरची कीरिंगची चूकही त्याला याच कारणाने दिसली नसती.

म्हणून ड्रायव्हर वाचायला घेतलात की मुख्य रस्ता सोडून द्या, तो सगळ्यांनी तपासलेला असतो. गोटोची लेबलं, म्हणजे एरर आली की कोड जिथे उडी मारतो त्या जागा, बघा. प्रत्येक केमॅलॉक (मेमरी घेणारा कॉल), प्रत्येक 'गेट' (काउंट वाढवणारा कॉल) कागदावर लिहा आणि एकेका एररच्या वाटेने जाताना परत केलेलं खोडत जा. मी अजूनही पेन घेऊनच बसतो.