पहिल्या सेमचा निकाल बिघडला? आता निदान या चुका टाळा

बारावीला पंच्याहत्तर टक्के आणि कॉलेजच्या पहिल्या सेमला दोन विषय राहिले, असा निकाल विदर्भातल्या गावखेड्यांत दर हिवाळी परीक्षेनंतर बघायला मिळतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मराठीतून शिकलेलं पोरगं एकदम इंग्रजी पुस्तकावर येतं, रोजचा दीड-दोन तासांचा एसटीचा प्रवास सुरू होतो, आणि परीक्षा येते ती नेमकी कापूस वेचणीच्या दिवसांत, जेव्हा घरी एकेक हात लागतो. असा निकाल सुधारता येतो. पण तो लागल्यावर पुढच्या दोन महिन्यांत ज्या चुका होतात, त्या थेट तिसऱ्या वर्षापर्यंत नडतात.

मार्कशीट न वाचताच टाइमटेबल बनवणं

निकाल मोबाइलवर बघायचा, फेल शब्द दिसला की मोबाइल खिशात टाकायचा आणि 'उद्यापासून पहाटे चारला उठतो' असं ठरवायचं, ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. मार्क नेमके कुठं गेले हे माहीत नसेल तर चारला उठून करणार काय?

मार्कशीटची प्रत काढा आणि पेन घेऊन एकेक ओळ वाचा: विषयाचा कोड, क्रेडिट, लेखी, अंतर्गत, प्रॅक्टिकल, ग्रेड. समजा पेपर 80 चा, अंतर्गत 20 आणि पास व्हायला एकूण 40 लागतात. अंतर्गतमध्ये 15 असतील तर लेखीत 25 पुरतात. 4 असतील तर 36 आणावे लागतात. ते अकरा मार्क अभ्यासानं गेलेले नाहीत, न दिलेल्या दोन असाइनमेंटनं गेलेत. लेखी आणि अंतर्गत वेगवेगळं पास व्हावं लागत असेल, तर लेखीत कितीही मिळवा, अंतर्गत राहिलं की विषय निघत नाही. हा नियम तुमच्या अभ्यासक्रमाला कसा आहे ते विभागातल्या सरांना किंवा मॅडमना पहिल्याच आठवड्यात विचारा. अंतर्गतमध्ये गैरहजर दाखवलं असेल तर त्याच दिवशी भेटा. मार्क भरताना राहून गेले असतील तर वेळेत दुरुस्त होतात, सहा महिन्यांनी कोणी ऐकत नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखा: असाइनमेंटचं नाव, दिल्याची तारीख, सरांची सही. सही मागायला पोरं लाजतात. लाजू नका.

क्रेडिटचाही, म्हणजे विषयाच्या वजनाचाही, हिशोब करा. प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट, म्हणजे एसजीपीए, त्या सेमची सरासरी. सेम 22 क्रेडिटची आहे, चार क्रेडिटच्या एका विषयात शून्य पॉइंट आणि उरलेल्या 18 क्रेडिटला सगळीकडे 6, तर 108 भागिले 22, म्हणजे 4.91. तोच विषय 6 पॉइंटनं निघाला की पूर्ण 6. दोन क्रेडिटच्या विषयाला एवढं वजन नसतं. तरी पोरं आवडतो म्हणून दोन क्रेडिटच्या विषयात रात्री घालवतात आणि चार क्रेडिटचं गणित कोपऱ्यात पडून राहतं. पहिल्या सेमला 5.2 आले आणि पुढच्या पाचही सेमला 7 टिकवले, तर सारख्या क्रेडिटवर शेवटी 6.7 होतात. हा आकडा कागदावर मांडून बघा, निम्मी भीती तिथंच जाते.

राहिलेला विषय 'नंतर काढू' म्हणून ठेवणं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून बीएस्सीला आलेल्या मुलाचं पहिल्या सेमचं फक्त गणित राहिलं होतं, तेही थोडक्यात. उन्हाळी परीक्षेत तो पेपर देता येत होता. त्यानं नेट कॅफेत जाऊन दुसऱ्या सेमचा फॉर्म भरला आणि राहिलेला विषय त्यातच आपोआप येतो असं धरून चालला. तो येत नाही. नियमित सेमचा फॉर्म वेगळा, बॅकचा म्हणजे राहिलेल्या विषयाचा वेगळा, दोन्हीची फी वेगळी. हॉल तिकीट त्यानं पेपरच्या आदल्या संध्याकाळी काढलं, तेव्हा कळलं की गणिताचं नावच नाही. सकाळी पहिल्या गाडीनं कॉलेजात पोचला, पण फॉर्मची मुदत लेट फीसकट केव्हाच संपली होती.

पुढच्या हिवाळीत तिसऱ्या सेमचा पेपर सकाळी आणि पहिल्या सेमचं गणित त्याच दिवशी दुपारी. वर्षभर वही उघडलेली नाही, सूत्रं विसरलेली. गणित पुन्हा राहिलं, आणि दोन्हीकडे ओढाताण झाल्यानं सकाळचाही पेपर गेला. एकाचे दोन झाले. शेवटी पहिल्या वर्षाचा विषय बाकी असल्यानं तिसऱ्या वर्षाचा प्रवेश अडला आणि वर्ष घरी गेलं. मुलगा गणितात कच्चा नव्हता. एक फॉर्म चुकला, तिथून सगळं घसरत गेलं.

म्हणून निकाल लागला त्याच आठवड्यात कॉलेजच्या परीक्षा विभागातल्या बाबूंना तीन गोष्टी विचारून तारखेसकट लिहून घ्या: राहिलेला विषय येत्याच परीक्षेत देता येतो का, फॉर्मची शेवटची तारीख कोणती, आणि पुढच्या वर्षाला जायला जास्तीत जास्त किती विषय बाकी चालतात. देता येत असेल तर येत्याच परीक्षेत द्या. फॉर्म कॅफेत भरला तरी मोबाइल नंबर आणि पासवर्ड स्वतःचाच ठेवा. ओटीपी कॅफेवाल्याच्या फोनवर जात असेल तर तुमचा फॉर्म तुमच्या हातात नाही. सबमिट करण्याआधी प्रत्येक विषयाचा कोड मार्कशीटवरच्या कोडशी बोट ठेवून जुळवा. पावतीचा फोटो काढा, आणि हॉल तिकीट निघालं त्याच दिवशी उघडून बघा.

विचार न करता रिव्हॅल (पेपरचं पुनर्मूल्यांकन) टाकणं

'सगळं लिहिलं होतं, मार्कच दिले नाहीत' हे खरं असू शकतं. पण आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा. याची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात आणि ती फार नसते. प्रत आली की बघा: एखादं उत्तर न तपासता राहिलंय का, बेरीज बरोबर आहे का, आतले मार्क पहिल्या पानावर नीट उतरलेत का. मग ती विषयाच्या सरांसमोर ठेवा. ते 'टाक' म्हणाले तर टाका. आणि रिव्हॅलचा निकाल येईपर्यंत बॅकचा फॉर्म भरायचा थांबू नका. या एका भरवशावर दरवर्षी कितीतरी पोरांची परीक्षा हुकते.

इंग्रजी वाक्यं पाठ करणं

विज्ञानाच्या पोरांचं खरं दुखणं हे आहे. गाइडमधला परिच्छेद जसाच्या तसा पाठ, आणि पेपरात मधला एक शब्द आठवला नाही की पुढचं सगळं अडतं. पाच मार्कांच्या उत्तरात परीक्षक सुंदर इंग्रजी शोधत नाहीत. ते बघतात व्याख्या, नावं दिलेली आकृती, सूत्र, त्यातल्या प्रत्येक चिन्हाचा अर्थ आणि एकक. ओहमचा नियमच घ्या: तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असताना विद्युतधारा विभवांतराच्या समप्रमाणात असते. पोरं नियम लिहितात आणि 'तापमान कायम असताना' गाळतात, कारण ते ओळ म्हणून पाठ केलेलं असतं, अट म्हणून समजलेलं नसतं. मार्क तिथं जातो.

आधी धडा मराठीत समजून घ्या. बारावीचं पुस्तक काढायला कमीपणा मानू नका. मग प्रत्येक युनिटचे वीस-पंचवीस इंग्रजी शब्द स्पेलिंगसकट वहीत लिहा आणि उत्तर चार-चार शब्दांच्या छोट्या वाक्यांत स्वतः लिहून बघा. रोज एक उत्तर, घड्याळ लावून, पुस्तक मिटून. नुसतं वाचून झालेला अभ्यास पेपरात हाताला येत नाही. बीएच्या पोरांनी मराठीतून पेपर लिहायची मुभा असेल तर खुशाल मराठीतूनच लिहावा.

बाकीच्या थोडक्यात. निकाल बघून महिन्याभरात शाखा किंवा कॉलेज बदलू नका. पोलीस भरतीचं मैदान पहाटे करा, पण त्यासाठी कॉलेज सोडू नका. भरतीला बारावी चालते, राज्यसेवेला पदवी लागते. आदल्या रात्री युट्यूबवर अख्खं युनिट बघणं म्हणजे अभ्यास नव्हे. अपेक्षित प्रश्नसंचावर विसंबू नका, ग्रंथालयातून मागच्या पाच परीक्षांचे खरे पेपर मागा. कॉलेज एकला सुटतं आणि गाडी चारची असेल, तर ते तीन तास बसस्टँडवर नाही, ग्रंथालयात काढा. हजेरी 75 टक्क्यांखाली जाऊ देऊ नका. महाडीबीटीचं (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरच्या अर्जाचं) नूतनीकरण वेळेत करा आणि विषय राहिल्यानं तुमच्या योजनेवर काय परिणाम होतो ते शिष्यवृत्तीच्या बाबूंना विचारा.

निकाल घरी लपवू नका. मार्कशीट घेऊन बाबांजवळ बसा आणि पुढच्या परीक्षेच्या तारखा सांगा. सोयाबीनची सोंगणी, कापूस, गडचिरोली-गोंदियाकडं मोहफूल आणि तेंदूपत्ता, ही कामं टळत नाहीत हे खरंच आहे. पण तारखा महिनाभर आधी माहीत असल्या तर मजूर सांगता येतो, भावाकडं पाळी देता येते. आदल्या दिवशी सांगितलं तर कोणाच्याच हातात काही राहत नाही.

उन्हाळी परीक्षेची तयारी पहाटे पाच ते नऊ करा. पारा 45 ला टेकलेला आणि लाइन गेलेली असताना दुपारी टिनाखाली काही डोक्यात शिरत नाही. मात्र शेवटच्या आठवड्यात दोन जुने पेपर मुद्दाम दुपारीच सलग लिहा, कारण पेपर दुपारचाही असतो. केंद्र दुसऱ्या गावी असेल तर पहिली गाडी किती वाजता पोचते ते आधीच बघून ठेवा, आणि ती उशिरा येणारी असेल तर आदल्या रात्रीच त्या गावी मुक्कामाला जा.