आईची पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी भावंडांनी मिळून घेताना

आमची आई दोन वर्षं म्हापशाजवळच्या एका केअर होममध्ये आहे. आम्ही तिघं भावंडं, दादा बोटीवर, ताई मडगावला आणि मी डिचोलीत. आईने पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, म्हणजे तिच्या वतीने सह्या आणि व्यवहार करायचा लेखी अधिकार, दादाच्या आणि माझ्या नावावर केली तेव्हा सगळ्यांनी कागद वाचला पण "संयुक्तपणे" या एका शब्दावर कोणीच थांबलं नाही. त्याचा अर्थ दर वेळी दोघांची सही. पुढे आईची एफडी मॅच्युअर झाली तेव्हा दादा समुद्रात, बँक म्हणते दोघंही पाहिजेत, तिकडे केअर होमचं बिल थकलेलं, शेवटी ताईने आपल्या बांगड्या गहाण ठेवून ते भरलं. बँकेचं काही चुकलं नव्हतं, कागदच तसा होता. आता हे करायला निघाला असाल तर आमच्यासारखं करू नका.

पहिलं म्हणजे चालढकल करू नका. आपल्याकडे आईबाबांना व्यवहार समजेनासा झाला की ही पॉवर आपोआप संपते, १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम २०१ मध्ये तसं सरळ आहे. काही देशांत माणसाचं भान गेल्यावरही चालणारी पॉवर करून ठेवता येते, इथे तशी सोय नाही. मग पर्वरीला हायकोर्टात पालक नेमून घ्यायला जावं लागतं आणि त्यात वकील, मेडिकल रिपोर्ट, तारखा सगळं आलं. पण डिमेन्शियाचं निदान झालं म्हणजे वेळ गेली असंही नाही हां. सही करताना आपण कोणाला कसले अधिकार देतोय हे आईला कळत असलं की पुरे. त्याच दिवशी तिच्या डॉक्टरकडून तसं लेखी घ्या, पुढे कोणी शंका काढली तर ते पत्रच कामाला येतं.

मसुदा वकिलाकडे सोडून मोकळे होऊ नका, आधी आपण बसून ठरवा. आम्ही दुसऱ्यांदा केली तेव्हा दोन वेगळे कागद केले आणि दोन्हींत तिघांची नावं घातली. एक रोजच्या कामाचा, केअर होमचं बिल, औषधं, खात्यातून पैसे काढणं, लाइट, घरपट्टी, त्यात "संयुक्तपणे किंवा स्वतंत्रपणे", म्हणजे जो इथे आहे तो सही करतो आणि काम होतं. दुसरा मोठ्या गोष्टींचा, एफडी मुदतीआधी मोडणं, लॉकर, घर भाड्याला देणं, विकणं, त्याला तिघांच्या सह्या. एकाच कागदात दोन्ही घातलं की काउंटरवरचा माणूस गोंधळतो आणि सगळ्यालाच सगळ्यांच्या सह्या मागतो. जुना कागद लेखी रद्द करून बँकेला कळवायलाही विसरू नका.

नोटरी केलेली पॉवर बँकेच्या कामाला बहुतेक वेळा चालते. पण तिच्या जोरावर घर-जमिनीचा दस्त रजिस्टर करायला जाणार असाल तर ती सब रजिस्ट्रारसमोर झालेली लागते. आई अंथरुणाला असेल तर तिला ऑफिसात नेण्याची सक्ती नाही, अधिकारी ती असेल तिथे येऊन खात्री करू शकतात, त्यासाठी अर्ज द्या.

आता आपल्या गोव्याची गोष्ट, जी बाहेरच्या वकिलाला माहीत नसते. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी-अर्धी. आमचे बाबा गेलेत, म्हणजे घरात आईचं अर्धं आणि बाबांचं अर्धं आम्हा भावंडांचं, आणि आमच्या वाट्यात वहिनी आणि जावईसुद्धा आले. आईची पॉवर फक्त आईच्या अर्ध्यापुरती. इन्व्हेंटरी, म्हणजे गेलेल्या माणसाच्या मालमत्तेची वारसांत वाटणी करायची कोर्टातली प्रक्रिया, झाली नसेल तर घर विकायच्या गोष्टी सुरू व्हायच्या आधी ती करून घ्या. आणि आईचा हिस्सा एका मुलाने विकत घ्यायचा असेल तर बाकीच्या मुलांची संमती लागते, तेव्हा गुपचूप काही करायला जाऊच नका.

हिशोब हा सगळ्यात नाजूक विषय आणि भांडणं इथेच होतात, पॉवरवरून नाही. आईचा खर्च आईच्याच खात्यातून, आपल्या जीपेवरून भरून "मागाहून घेईन" असं करू नका, सहा महिन्यांनी कोणालाच काही आठवत नाही. आम्ही व्हॉट्सअ‍ॅपचा वेगळा ग्रुप केलाय, त्यात फक्त पावत्यांचे फोटो, गुड मॉर्निंग नाही. महिन्याच्या ५ तारखेला मी आकडे टाकते आणि ताई तपासते. दादा दुरून "एवढे डायपर लागतात काय?" विचारायचा तेव्हा मला फार लागायचं, खरंच सांगते. मग सुट्टीवर आला तेव्हा एक आठवडा सगळं त्याच्याकडे दिलं, त्यानंतर त्याने एकदाही विचारलं नाही. जो रोज जातो त्याचा पेट्रोलखर्च आईच्या पैशातून घ्यायचा की नाही हेसुद्धा सुरुवातीलाच बोला, लाज बाळगू नका.

आणि पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी म्हणजे उपचारांचे निर्णय नव्हेत. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, त्यासाठी लिव्हिंग विल वेगळं असतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ते मान्य केलं आणि २०२३ मध्ये सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, आणि त्यात एकापेक्षा जास्त जवळच्यांची नावं घालता येतात. २०२४ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती सोनक यांनी गोव्यात स्वतःचं केलं. आईला आम्ही विचारलं तेव्हा आम्हाला वाटलं ती चिडेल, पण ती म्हणाली, बरं झालं विचारलंत, मला नळ्या नको. तिघांसमोर म्हणाली.

शेवटचं, आई गेली की त्या क्षणी पॉवर संपते. त्यानंतर तिचं एटीएम कार्ड अंत्यविधीच्या खर्चालासुद्धा वापरायचं नाही, बँकेत कळवायचं आणि पुढचं नॉमिनी आणि वारसांच्या नावाने. म्हणून थोडी रक्कम तिघांनी आपापल्या खिशातून आधीच बाजूला काढून ठेवलीय, ती ताईकडे आहे.