आधी जिना, मग अर्ज

बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या एका कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर मी एकवीस वर्षं गणिताचे क्लास घेते. खाली दुकानं, मध्ये ऑफिसं आणि माझा क्लास, वर बिऱ्हाडं. 24 मे 2019 ला सुरतेच्या सरथाणा भागात तक्षशिला इमारतीला आग लागली आणि 22 जीव गेले. क्लासला आलेली मुलं होती ती. वर जायचा जिना लाकडी होता, तोच जळाला. मुलांनी वरून उड्या टाकल्या.

त्या रात्री मी क्लासवर गेले आणि माझ्या दारापासून रस्त्यापर्यंत चालत उतरले. जिन्यात चपलांचं कपाट, वळणावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, तळाशी दोन स्कूटर. कपाट माझं होतं. गठ्ठेही माझेच.

फायर एनओसी, म्हणजे आगीच्या सुरक्षेचं ना-हरकत प्रमाणपत्र, कशी काढायची म्हणून आता ओळखीतले बरेच जण विचारतात: शिवणक्लासवाल्या वहिनी, नव्यानं दवाखाना टाकलेला माझा जुना विद्यार्थी, दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी. सगळ्यांना मी एकच सांगते: फॉर्म नंतर भरा, आधी जिना उतरा. संध्याकाळी दिवे मालवून, मोबाइलच्या उजेडात उतरा. हात कशाला लागतो, पाय कशात अडकतो ते लिहून घ्या. दार कुठल्या बाजूला उघडतं पाहा. गर्दीच्या खोलीचं दार बाहेर, म्हणजे पळायच्या दिशेनं उघडायला हवं, कारण घाबरलेली मुलं दाराला रेटतात आणि आत उघडणारं दार मग उघडतच नाही. दाराची मोकळी रुंदी किमान एक मीटर हवी, टेपनं मोजा. लिफ्ट सुटकेच्या वाटेत धरलीच जात नाही, म्हणून "आमच्याकडे दोन लिफ्ट आहेत" या उत्तराला काही अर्थ नाही.

जुन्या कॉम्प्लेक्समध्ये आणखी एक गोष्ट हमखास सापडते. विजेचे सगळे मीटर जिन्याखाली, आणि त्यांच्याच पुढ्यात पुठ्ठ्याची खोकी. ठिणगी पडायची जागा आणि पळायची जागा एकच. आमच्याकडे तसंच होतं. मीटर हलवणं वीज कंपनीचं काम आहे, त्याला वेळ लागतो. खोकी मात्र त्याच दिवशी उचलता येतात. पाठोपाठ इलेक्ट्रिशियनला बोलावून प्रत्येक गाळ्याचा लोड तपासून घ्या. एसी वाढत गेले आणि वायर मात्र पंधरा वर्षांपूर्वीचीच, असं बहुतेक ठिकाणी असतं. आमच्या एका गाळ्यात एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच, सारखी पडायची म्हणून कोणीतरी तिच्या जागी मोठी एमसीबी बसवून ठेवली होती. वायरला न झेपणारा लोड होत होता म्हणूनच आधीची एमसीबी पडत होती.

यानंतरचं काम सगळ्यात अवघड आहे, आणि ते कागदाचं नाही. आग विझवायच्या पाण्याचा पंप, टाकी, जिना हे सगळं अख्ख्या इमारतीचं असतं, म्हणून एनओसीही इमारतीची निघते. माझ्या खोलीत आग विझवायचे चार नवे सिलिंडर टांगून माझं काम होणार नव्हतं. सगळ्या मालकांची मीटिंग लावावी लागते आणि तिथे पहिला प्रश्न पैशाचा येतो. खालचे दुकानदार म्हणाले, आम्ही तर रस्त्यावरच आहोत, आम्हाला जिन्याशी काय देणंघेणं? त्यांना मी शांतपणे सांगितलं की धूर वर जातो हे खरं, पण आग तुमच्याच गोडाऊनमधून सुरू होऊ शकते, आणि वरची माणसं तुमच्याच शटरपुढून बाहेर पडणार. वरचे काका गच्चीला कुलूप लावायचे. "पोरं पतंगाला चढतात हो, पडली म्हणजे?" त्यांची काळजीही खरीच होती. शेवटी कुलूप काढलं, आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी लावली आणि उत्तरायणाचे दोन दिवस वर एक मोठं माणूस बसवायचं ठरलं. असं कोणालाही न दुखवता निघालेलं उत्तर टिकतं. खर्च चौरस फुटांवर वाटला. तुम्हीही तसाच वाटा, भांडण कमी होतं.

कागद जमवताना मंजूर नकाशा, रजाचिठ्ठी म्हणजे बांधकामाची परवानगी, आणि वापर परवानगी, जिला आपण सगळे बीयू म्हणतो, ही तीन आधी शोधा. नकाशा हातात घेऊन इमारत फिरा. नकाशात पार्किंग आणि जागेवर गोडाऊन, किंवा नकाशात गच्ची आणि जागेवर पत्र्याची शेड असेल, तर गाडी तिथेच अडेल. तक्षशिलेतही क्लास छतावरच्या वाढीव बांधकामातच भरत होता. आणि 25 मे 2024 ला राजकोटच्या गेम झोनमध्ये 27 माणसं गेली तेव्हा तिथे फायर एनओसीच नव्हती. वेल्डिंगच्या ठिणगीनं आग पेटली होती. म्हणून इमारतीत वेल्डिंग चाललेलं असताना शेजारी एक माणूस सिलिंडर घेऊन उभा करायचा, हा नियम आम्ही आता स्वतःलाच घालून घेतलाय.

सामानाबद्दल थोडक्यात सांगते. वर्गात आणि पॅसेजमध्ये सहा किलोचे एबीसी पावडरचे सिलिंडर, विजेच्या पॅनेलजवळ सीओटूचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचे. कुठूनही पंधरा मीटरच्या आत एक हाती लागला पाहिजे, आणि दाराच्या मागे टांगू नका. काटा हिरव्यात आहे का, पिन आणि सील आहे का, आयएसआयचा शिक्का आहे का, रिफिलची तारीख काय, हे स्वतः वाचा. आम्हाला एकानं नुसतं नवं स्टिकर चिकटवून जुनेच सिलिंडर परत दिले होते. एक वजन करून पाहिला तेव्हा कळलं. तेव्हापासून रिफिल समोर उभं राहून करून घेते.

पंप असेल तर पॅनेलवरचा स्विच बघा. तो 'ऑटो'वर हवा. आवाज होतो म्हणून कोणीतरी तो 'मॅन्युअल'वर किंवा बंद करून ठेवतं आणि विसरतं. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली असते. गच्चीवरचा व्हॉल्व्ह गळतो म्हणून आवळून टाकलेला असतो. सगळ्यात वरच्या मजल्यावरची होज रील, म्हणजे चाकावर गुंडाळलेली पाण्याची नळी, पूर्ण उलगडा आणि पाणी सोडा. धार जोरात आली तर खालचं सगळं ठीक आहे असं समजायला हरकत नाही.

आता अर्ज. गुजरातेत 2013 चा फायर कायदा लागू आहे आणि 2021 पासून अर्ज राज्याच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो. नवं बांधकाम असेल तर आधी फायर सेफ्टी प्लॅनची मंजुरी, बांधकाम झाल्यावर सर्टिफिकेट, म्हणजेच आपली एनओसी, आणि पुढे त्याचं नूतनीकरण, असे तीन वेगळे अर्ज आहेत. चुकीचा निवडला की परत पहिल्यापासून. मदतीला सरकारमान्य फायर सेफ्टी ऑफिसर नेमता येतात. त्यांचं ओळखपत्र बघा, आणि जो माणूस इमारतीत न येता फॉर्म भरून देतो म्हणेल त्याला नमस्कार करा.

तपासणीच्या दिवशी पंपरूम, गच्ची आणि पॅनेल यांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवा आणि सोबत पंप चालवता येणारा माणूस हवा. आमच्याकडे पहिल्या वेळी चौकीदार गावाला गेला होता आणि किल्ली त्याच्या खिशात. तपासणीला आलेले साहेब काही दाखवायला सांगतील तर दाखवा, नसेल तर नाही म्हणून सांगा. त्रुटी लिहून मिळतात, त्या भरून फोटोसह परत कळवायच्या. मी तर मुद्दाम विचारलं, "साहेब, तुमची स्वतःची मुलगी इथे शिकत असती तर तुम्ही काय बदललं असतं?" त्यांनी खिडकीकडे बोट केलं. चोराच्या भीतीनं मी जाळी पक्की जडवून घेतली होती. आता तिला आतून उघडणारी झडप आहे.

नुसती राहती इमारत असेल, तरी ती उंच असली की सुटका नाही. 15 मीटर किंवा त्याहून उंच इमारत राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे हायराइज, म्हणजे उंच, धरली जाते. तुमच्या पार्किंगमध्ये ई-स्कूटर चार्जिंगला लागत असतील तर ती जागा जिन्याच्या तोंडापासून लांब न्या. खाली खानावळ असेल तर गॅस मोजा: परवान्याशिवाय 100 किलोपर्यंतच ठेवता येतो, म्हणजे 19 किलोचे पाचच सिलिंडर. तेही उभे आणि हवेशीर जागी. तळघरात कधीच नाहीत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचून राहतो.

सर्टिफिकेटवरची मुदत संपायच्या दोन महिने आधीची तारीख मी हजेरीपटाच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवते. आणि दर जूनमध्ये, नवी बॅच आली की पहिल्याच तासाला भोंगा वाजवून मुलांना खाली उतरवते. दप्तरं वर, चपला वर. या वर्षी 38 मुलं दोन मिनिटांत रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभी होती. मी सगळ्यात शेवटी उतरते, हातात हजेरीपट घेऊन, आणि झाडाखाली एकेक नाव वाचते.