रक्तक्षयाच्या रुग्णाला लोहाच्या गोळ्या कशा द्याव्यात

घरात कोणाचे हिमोग्लोबिन कमी निघाले की दुसऱ्या दिवशी बीट येते. बिटाचा रंग रक्तासारखा असतो, एवढेच त्याचे रक्ताशी नाते. १०० ग्रॅम बिटात १ मिलिग्रॅमही लोह नसते. सरकारी दवाखान्यात प्रौढांना मिळणाऱ्या एका लाल गोळीत ते ६० मिलिग्रॅम असते. बीट अवश्य खावे, परंतु गोळीच्या जागी नव्हे.

आधी रक्तक्षय कोणत्या कारणाचा आहे, हे डॉक्टरांकडून निश्चित करून घ्यावे. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णाच्या शरीरात वारंवार रक्त भरल्यामुळे लोह मुळातच साठलेले असते, त्यामुळे ‘रक्त कमी आहे’ एवढ्याच शब्दांवर दुकानातून गोळ्या आणणे त्याला घातक ठरू शकते. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर घरगुती शुश्रूषेचा विचार न करता रुग्णालय गाठावे. एरवी रुग्णाला अंथरुणातून एकदम उठू देऊ नये. आधी काठावर बसवावे, मग उभे करावे.

खरी अडचण गोळीची आहे, आणि ती मला स्वतःच्या घरी कळली. स्त्री-कक्षात परिचारिका म्हणून मी शेकडो रुग्णांना गोळ्या दिल्या होत्या. तरीही सासूबाईंचे हिमोग्लोबिन ७.८ असताना महिनाभर रोज त्यांच्या हातावर गोळी ठेवूनही आकडा जेमतेम ८ झाला. डॉक्टर बदलण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा एका सकाळी मी ड्यूटीला जाण्याची घाई न करता स्वयंपाकघरात बसून पाहिले. गोळी तोंडात गेली आणि तिच्यावर चहाचा घोट गेला. रात्रीची दुसरी गोळी सासूबाई कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेत होत्या, कारण दोन्ही एकाच डबीत मीच भरून ठेवल्या होत्या.

चहा-कॉफीतील टॅनिन हा तुरट घटक आतड्यात लोहाला बांधून ठेवतो, त्यामुळे गोळी पोटात जाते, पण रक्तापर्यंत फारसे काही पोहोचत नाही. म्हणून गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा, कॉफी व दूध वर्ज्य करावे. कॅल्शियम आणि आम्लपित्ताची औषधे दोन तास, तर थायरॉईडची गोळी चार तास दूर ठेवावी. सकाळी उपाशीपोटी द्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या घरात डोळे उघडताच चहा लागतो, त्या घरी तो टिकत नाही, हे सांगणाऱ्याने लक्षात घेतलेले नसते. माझ्या मते रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी, पेलाभर लिंबूपाण्याबरोबर दिलेली गोळी अधिक नियमाने घेतली जाते. मात्र गोळी घेतल्यावर अर्धा तास रुग्णाला आडवे होऊ देऊ नये, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते.

मळमळ, बद्धकोष्ठता आणि काळपट शौच या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी सांगून ठेवाव्यात. न सांगितल्यास रुग्ण आठवडाभरात गोळी गुपचूप बंद करतो. मळमळ फारच होत असेल, तर दोन घास खाऊन गोळी द्यावी, किंवा ती दिवसाआड चालेल का हे डॉक्टरांना विचारावे. शौच डांबरासारखे चिकट आणि दुर्गंधीयुक्त होत असेल, तर मात्र तो गोळीचा परिणाम न समजता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते.

महिन्याने पुन्हा तपासणी करावी. निदान १ ग्रॅमही वाढ झाली नसेल, तर प्रथम चहाची वेळ तपासावी, आणि ती बरोबर असेल तर पाळीतील अतिस्रावाविषयी, मूळव्याधीविषयी डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे. संकोचापोटी हेच सांगायचे राहून जाते.

आकडा पूर्ववत झाल्यावरही शरीरातील साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. तोवर त्या कुलपात असाव्यात: लहान मुलांना त्या खाऊच्या गोळ्यांसारख्या दिसतात, आणि मूठभर गोळ्या मुलाच्या जिवावर बेतू शकतात. मुलाने एखादी जरी गिळल्याची शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता पाकिटासह त्याला रुग्णालयात न्यावे.