मेलबर्नमध्ये घराची दुरुस्ती: वीज, पाणी, गॅसला हात लावू नका, बाकी सगळं शिका

आपल्याकडची नवी मंडळी इथे घर घेतात आणि सामान लागायच्या आत मला फोन येतो, "ताई, संडासात जेट स्प्रे बसवायचाय, प्लंबर नुसता यायचेच शंभर-दीडशे डॉलर मागतोय, मीच बसवू का? दोन नट तर फिरवायचेत." चांगली इंजिनिअर झालेली माणसं हे विचारतात आणि त्यांचं चूक आहे असंही नाही, आपल्याकडे नाक्यावरचा प्लंबर एका फोनवर येतो, तासाभरात काम करून जातो, त्याच्याकडे लायसन्स आहे का हे विचारायचं कधी कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नाही. पण इथे ते विचारावं लागतं. मी फक्त मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्याबद्दल लिहितेय, सिडनी-ब्रिस्बेनवाल्यांनी आपापल्या राज्याचे नियम बघून घ्या, तपशील बदलतात.

आधी वीज. लायसन्स नसेल तर स्वतःच्या मालकीच्या घरातसुद्धा वायरिंगला हात लावणं इथे बेकायदा आहे. बल्ब बदला, टेबल लॅम्प लावा, एक्स्टेन्शन बोर्ड लावा, बस. पावर पॉइंट म्हणजे भिंतीतला प्लगचा सॉकेट बदलणं, भिंतीतलं बटण बदलणं, छताचा दिवा काढून दुसरा जोडणं, सीलिंग फॅन लावणं, ह्यातलं काहीही नाही. लोक फसतात ते दुकानात, कारण बनिंग्ज ह्या हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात पावर पॉइंट, वायर, पंखे सगळं रांगेने मांडलेलं असतं आणि कुणीही विकत घेऊ शकतो. विकत घेणं कायदेशीर, बसवणं नाही, खोक्यावर तसं लिहिलेलं असतं ते वाचा. दुसरं म्हणजे यूट्यूब. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये घरमालकाला विजेची काही छोटी कामं करायची मुभा आहे, अमेरिकेत व्होल्टेजच वेगळं आणि वायरचे रंगही वेगळे, आणि आपली माणसं तो व्हिडिओ बघून मेलबर्नच्या टॅरनीट उपनगरातल्या घरात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभी राहतात. "इथेही आपल्यासारखंच २३० व्होल्ट आहे ना, गावी मी सगळं घर स्वतः केलंय" असं म्हणणाऱ्यांची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण ज्याला थोडं येतं तोच मेन बंद न करता हात घालतो. बोर्डातला सेफ्टी स्विच ३० मिलिअँपिअरची गळती झाली की ट्रिप होतो हे खरं आहे, पण एक हात लाइनला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर त्याला काही कळत नाही, त्याच्या दृष्टीने करंट गेला तेवढाच परत आला.

भारतातून पंखा किंवा गिरणी आणायची असेल तर आधी विचार करा. इथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांवर आरसीएमचा शिक्का असतो, म्हणजे ते इथल्या सुरक्षा नियमांत बसतं ह्याची खूण, तो नसलेला पंखा लावायला चांगला इलेक्ट्रिशियन तयार होत नाही आणि तो बरोबर करतो.

आता पाणी, आणि ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. जेट स्प्रे. प्रत्येकाच्या सुटकेसमध्ये असतो, पांढरी पिशवी, आत स्टीलची नळी, टेफ्लॉन टेप आणि अँगल कॉक. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतून पाणी खाली येतं, एका मजल्याच्या उंचीचं प्रेशर साधारण ३० किलोपास्कल. इथे टाकी नाही, रस्त्याखालच्या मेन लाइनमधून पाणी थेट घरात येतं आणि घरातल्या नळाला ५०० किलोपास्कलपर्यंत प्रेशर चालतं असं प्लंबिंगचं स्टँडर्डच सांगतं. ५०० म्हणजे साधारण ५० मीटर पाण्याचा स्तंभ, पंधरा-सोळा मजल्यांच्या इमारतीची उंची. टाकीच्या प्रेशरवर वर्षानुवर्षं टिकलेला स्प्रे इथे रात्रंदिवस ह्या दाबाखाली राहतो, कारण वापरून झालं की आपण फक्त ट्रिगर सोडतो, कॉक बंद करत नाही. पाणी नळीच्या आत ढकलत राहतं, आणि त्या स्टीलच्या जाळीच्या आत असते ती साधी रबराची नळी.

मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात ओळखीचं एक जोडपं आहे, दोघं कामावर, मुलगी चाइल्डकेअरला. वरच्या मजल्यावरच्या टॉयलेटमधली नळी सकाळी कधीतरी फुटली. संध्याकाळी दार उघडलं तर जिन्यावरून पाणी वाहत होतं, खालच्या खोलीचं छत फुगून खाली लोंबत होतं, त्या प्लास्टर बोर्डात पाणी साचून तो दिव्याच्या भोकापाशी फाटला होता. लॅमिनेटच्या फळ्या कडेला उचलल्या गेल्या, कार्पेट गेलं, कपाटांचे तळ फुगले. इन्शुरन्स कंपनीने पहिलाच प्रश्न विचारला की हा फिटिंग कुणी बसवला, त्याचं बिल दाखवा. बिल नव्हतं, कारण नवऱ्याने रविवारी स्वतः बसवला होता. पुढे कित्येक महिने ते भांडण चाललं आणि मोठा भाग त्यांच्या खिशातून गेला. दोनशे-अडीचशे डॉलर वाचवले होते त्या रविवारी.

प्लंबर का लागतो ह्याचं दुसरं कारण लोकांना माहीतच नसतं. स्प्रेचं तोंड कमोडमध्ये पडलेलं असलं आणि त्याच वेळी रस्त्यातली लाइन फुटून प्रेशर एकदम उतरलं तर घाण पाणी उलटं ओढलं जाऊन पिण्याच्या लाइनमध्ये शिरू शकतं. त्याला बॅकफ्लो म्हणतात आणि ते अडवायची सोय स्प्रे बसवतानाच करावी लागते. म्हणून स्प्रे इथलाच घ्या, वॉटरमार्कचा, म्हणजे प्लंबिंगच्या सामानाच्या मान्यतेचा शिक्का असलेला, लायसन्सवाल्या प्लंबरकडून बसवून घ्या आणि तरीही प्रत्येक वेळी वापरून झाल्यावर कॉक बंद करा. पाहुणे आले, आईबाबा आले की त्यांनाही पहिल्याच दिवशी दाखवा. किचनच्या सिंकखालच्या आणि बेसिनखालच्या जाळीदार नळ्यांचंही तेच, वर्षातून एकदा वाकून बघा, गंज दिसला, जाळीचा तार तुटलेला दिसला किंवा नळी फुगलेली दिसली तर थांबू नका. आणि घराच्या पुढच्या बाजूला मीटरजवळ मेन कॉक असतो, तो कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. त्या जोडप्याच्या शेजाऱ्याने दुपारी पाण्याचा आवाज ऐकला होता पण कॉक कुठला ते त्याला समजलं नाही.

नळाचं वॉशर बदलणं, शॉवरचं तोंड बदलणं, प्लंजरने सिंक मोकळं करणं हे मात्र बिनधास्त करा.

गॅसला अजिबात हात नाही, शेगडी बदलायलाही गॅसचं लायसन्स असलेलाच माणूस. जुना गॅस हीटर असेल तर दोन वर्षांतून एकदा सर्व्हिसिंग करून घ्या, आणि तो चालू असताना किचनचा एक्झॉस्ट फॅन चालू आणि सगळ्या खिडक्या बंद असं करू नका, फॅन घरातली हवा बाहेर ओढतो आणि काही हीटरचा कार्बन मोनॉक्साइड उलटा आत येतो. त्याला वास नसतो.

स्मोक अलार्मवर मला राग येतो तो सांगते. पुरणपोळी भाजताना किंवा मासे तळताना अलार्म वाजतो म्हणून त्याच्यावर शॉवर कॅप चढवून ठेवतात, नंतर काढायची विसरतात, आणि बऱ्याच घरांत मी ती कॅप महिनोन् महिने तशीच बघितलीय. कृपा करून हे करू नका. खिडकी उघडा, रेंजहूड म्हणजे शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा लावा, टॉवेलने वारा घाला. अलार्मवर तारीख छापलेली असते, दहा वर्षं झाली की बदलायचा, आणि वायरिंगला जोडलेला असेल तर तोही इलेक्ट्रिशियनकडूनच.

आता आपल्या लोकांबद्दल एक गोष्ट, राग मानू नका. प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक "आपला माणूस" असतो, गावी आयटीआय केलेला, हात खरंच चांगला, आणि तो कॅशमध्ये अर्ध्या पैशात येतो. त्याच्या हुन्नराबद्दल माझी काही तक्रार नाही, इथलं लायसन्स मिळवायला त्याला परत परीक्षा आणि देखरेखीखाली काम करावं लागतं हे खूप कष्टाचं आहे आणि मला त्याच्याबद्दल आदर आहे. पण लायसन्स मिळेपर्यंत त्याला बोलावू नका, काही झालं तर तोही अडकतो आणि तुम्हीही. त्याला खरंच मदत करायची असेल तर एखाद्या लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरची ओळख करून द्या.

ट्रेडी म्हणजे कारागीर बोलावताना तिघांकडून खर्चाचं कोटेशन घ्या, लायसन्स नंबर विचारा आणि सरकारी साइटवर टाकून बघा, इथे कुणाला त्याचं वाईट वाटत नाही. इलेक्ट्रिशियन असेल तर रजिस्टर्ड इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा नंबर पाहिजे. विजेचं काम कितीही छोटं असलं तरी सर्टिफिकेट ऑफ इलेक्ट्रिकल सेफ्टी मिळायलाच पाहिजे. प्लंबिंगचं काम ७५० डॉलर किंवा त्यावर गेलं, किंवा गॅसचं असलं, तर काम नियमाप्रमाणे झाल्याचं कम्प्लायन्स सर्टिफिकेट मिळतं आणि त्यामागे सहा वर्षांचा विमा असतो. ७५० च्या खालच्या कामाला ते लागेलच असं नाही, म्हणून अशा वेळी लायसन्स नंबर छापलेलं बिल तरी घ्या. "कॅश दिलीत तर जीएसटी सोडतो" म्हणाला की समजा बिल नाही, आणि बिल नाही म्हणजे पॉइंट कुकवाली गोष्ट. सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा, घर विकताना सेक्शन ३२ मध्ये, म्हणजे विकणाऱ्याने घराची माहिती द्यायच्या कागदात, मागच्या सात वर्षांतले बिल्डिंग परमिट दाखवावे लागतात.

आणि जे करता येतं ते खूप आहे हो, ते मात्र शिका. रंग द्या, भोकं बुजवा, दाराची कडी बदला, बाथरूमचं सिलिकॉन नवं भरा. भिंतीत ड्रिल करताना एवढंच लक्षात ठेवा की ह्या विटांच्या भिंती नाहीत, गिट्टी ठोकून वजन टांगता येत नाही. आत लाकडाचे उभे स्टड असतात, बहुतेक ४५० किंवा ६०० मिलिमीटरवर, वरून प्लास्टर बोर्ड. स्टड फाइंडर घ्या, स्वस्त मिळतो, टीव्हीचा ब्रॅकेट आणि देवघराची फळी स्टडमध्येच स्क्रूने घट्ट बसवा. बटणाच्या किंवा पावर पॉइंटच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायर तिथूनच जाते. मुलं असतील तर उंच कपाटं भिंतीला बांधून टाका.

जुनं घर घेतलंत, म्हणजे १९९० च्या आधीचं, तर तोडफोड करण्याआधी अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या. बाथरूमची भिंत, छपराच्या कडेखालचे पत्रे, जुन्या लिनोलियमचा तळ, कुठेही असतो. इथे त्याच्यावर पूर्ण बंदी २००३ च्या शेवटी आली. दिसायला साधा सिमेंटचा पत्रा, न तोडता पडून राहिला तर ठीक, पण त्याला ड्रिल किंवा सँडर लावला की धूळ फुप्फुसात जाते आणि आजार कैक वर्षांनी दिसतो. निघालेला माल घरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही.

भाड्याने राहत असाल तर ह्यातलं बरंचसं तुमचं कामच नाही. मालकाने दर दोन वर्षांनी वीज आणि गॅसची तपासणी करून घेतली पाहिजे. एजंटला ईमेल लिहा, फोनवर बोलू नका. पाइप फुटणं, गॅस गळणं अशी तातडीची दुरुस्ती असली आणि एजंट लगेच हलत नसेल तर २५०० डॉलरपर्यंतचं काम तुम्ही स्वतः लायसन्सवाल्याकडून करून घेऊ शकता आणि बिल पाठवलंत की मालकाने सात दिवसांत पैसे परत द्यायचे असतात. बरीच आपली माणसं एजंट रागावेल म्हणून गळका नळ बादली लावून सांभाळत बसतात, लीज रिन्यू होणार नाही ह्या भीतीने, तसं करू नका.